दोन रांगांची एक रांग : सॉर्टेड लिंक्ड लिस्ट ‘मर्ज’ होतात म्हणजे नेमकं काय होतं?

जुलै उजाडला की मुंबईतल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत प्लेसमेंटचे वारे वाहू लागतात. विरार किंवा कल्याण लोकलमध्ये बॅग पोटाशी धरून मोबाइलवर कोडिंगचे प्रश्न सोडवणारी पोरं दिसायला लागतात. त्यांच्या यादीत एक प्रश्न हमखास असतो : ‘दोन सॉर्टेड लिंक्ड लिस्ट दिल्या आहेत, त्यांची मिळून एक सॉर्टेड लिस्ट करा.’ घरी आईने ‘काय विचारलं रे आज?’ म्हटलं की पोरगं हेच वाक्य जसंच्या तसं फेकतं, आणि विषय तिथेच मिटतो.

प्रश्न ऐकायला वाटतो तितका किचकट नाही. आणि गंमत अशी की मुलाखतीत ज्यासाठी अर्धा तास घाम गाळावा लागतो, ते काम सी++ या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत तयार मिळतं. स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे भाषेसोबतच येणारा, तपासून ठेवलेल्या कोडचा साठा. पहिल्या लिस्टचं नाव ‘अ’ आणि दुसरीचं ‘ब’ असेल, तर ‘अ.मर्ज(ब)’ एवढी एक ओळ लिहायची, काम झालं. मात्र ही ओळ काही अटींवर चालते, आणि त्या मोडल्या तर बहुतेक वेळा ती तक्रारसुद्धा करत नाही. पोरं नेमकी तिथेच आपटतात.

आधी लिंक्ड लिस्ट म्हणजे काय ते बघू

सकाळी सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत गेलेल्या माणसाला लिंक्ड लिस्ट वेगळी शिकवायला नको. केसपेपर काढून आत शिरलं की पहिला प्रश्न असतो, ‘शेवटचं कोण?’ कुणीतरी हात वर करतं. ‘तुमच्यानंतर मी हं,’ असं सांगून आपण जागा मिळेल तिथे टेकतो. कुणी पंख्याखाली, कुणी खांबापाशी, कुणी जिन्याच्या पायरीवर. डोळ्यांना रांग दिसतच नाही. तरी ती असते, कारण आपल्यानंतर कोण, एवढं प्रत्येकाला ठाऊक असतं. पहिला माणूस सापडला की त्याला विचारून दुसरा, दुसऱ्याला विचारून तिसरा, असं करत शेवटापर्यंत जाता येतं.

लिंक्ड लिस्ट अशीच असते. कॉम्प्युटरच्या मेमरीत विखरून बसलेल्या प्रत्येक घटकाला ‘नोड’ म्हणतात. नोडमध्ये दोन गोष्टी असतात : स्वतःची माहिती आणि पुढच्या नोडचा पत्ता, म्हणजे ‘लिंक’. काही लिस्टमध्ये मागच्याचाही पत्ता ठेवतात. सी++मध्ये दोन्ही प्रकार आहेत : पुढे-मागे दोन्हीकडे जाता येणारी ‘लिस्ट’, आणि २०११ साली भाषेत आलेली, फक्त पुढेच जाणारी ‘फॉरवर्ड लिस्ट’.

याच्या उलट ‘ॲरे’. तिथे सगळे एकाच बाकावर खेटून, क्रमाने बसलेले. मध्ये कुणाला घुसवायचं तर बाकीच्यांना सरकावं लागतं.

‘सॉर्टेड’ म्हणजे ठरलेल्या क्रमाने लावलेली. आपल्या ओपीडीत केसपेपरवरच्या वेळेप्रमाणे.

आता दोन रांगा एक करू

दोन डॉक्टर आहेत, प्रत्येकाची रांग वेगळी. पहिल्या रांगेत ८:०५, ८:२० आणि ८:४० चे पेशंट. दुसरीत ८:१०, ८:२०, ८:३० आणि ८:५० चे. इतक्यात एका डॉक्टरांना ऑपरेशनला बोलावलं गेलं. आता दोन्ही रांगांची एकच रांग करायची आहे, आणि तीही वेळेच्या क्रमाने.

अनुभवी सिस्टर सगळ्यांचे केसपेपर गोळा करून टेबलावर पसरत नाहीत. त्या फक्त दोन्ही रांगांतल्या पहिल्या माणसांचे पेपर बघतात. ८:०५ की ८:१०? ८:०५ पुढे. आता पहिल्या रांगेच्या तोंडाशी ८:२० आला, समोर ८:१०. तर ८:१० पुढे. मग दोन्हीकडे ८:२०. बरोबरी झाली की पहिल्या रांगेतल्याला आधी घ्यायचं, असा नियम ठेवला आहे, म्हणून तो पुढे. मग दुसऱ्या रांगेतला ८:२०, मग ८:३०, मग ८:४०. इथे पहिली रांग संपली. दुसरीत ८:५० उरला, त्याला तसाच शेवटी जोडून द्यायचा. दुसऱ्या रांगेत आणखी पन्नास माणसं असती, तरी त्यांचे पेपर बघण्याची गरज नव्हती. ती आपसात आधीच क्रमाने आहेत.

सात माणसं आणि सहा तुलना. कितीही माणसं असली तरी तुलना एकूण माणसांपेक्षा किमान एकाने कमीच होतात, कारण शेवटी उरलेल्याची तुलना करायला समोर कुणी नसतं.

या सगळ्यात जागचं कुणी उठलं का? नाही. खांबापाशी बसलेला तिथेच आहे, पायरीवरची बाई पायरीवरच आहे. सिस्टरनी एवढंच सांगितलं, ‘काका, तुमच्यानंतर आता ते नाहीत, ह्या ताई.’ लिंक्ड लिस्टचं मर्ज म्हणजे फक्त लिंक बदलणं. माहिती हलत नाही, तिची प्रत निघत नाही, नवी जागा मागावी लागत नाही. प्रत्येक नोडमध्ये लहानसा आकडा असो की पेशंटची चाळीस पानी फाइल, लिंक बदलण्याची मेहनत तेवढीच.

ही पद्धत कॉम्प्युटरच्याही आधीची आहे. आयबीएमने १९३७ मध्ये ‘०७७ कोलेटर’ नावाचं यंत्र आणलं होतं. पंचकार्डांचे, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवलेल्या कार्डांचे, आधीच क्रमाने लावलेले दोन गठ्ठे घालायचे, यंत्र वरची दोन कार्डं ताडून पाहत त्यांचा एक गठ्ठा करायचं. हीच युक्ती पुन्हा पुन्हा वापरून अख्खी यादी क्रमाने लावण्याची ‘मर्ज सॉर्ट’ ही रीत गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडली.

लायब्ररीतली ‘मर्ज’ काय कबूल करते

सी++मधला हा साठा अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांनी ह्यूलेट-पॅकार्डमध्ये घडवला. १९९४ मध्ये भाषेच्या प्रमाणीकरण समितीने तो स्वीकारला आणि १९९८ च्या पहिल्या अधिकृत प्रमाणात तो आला. ‘लिस्ट’ची मर्ज त्यातलीच.

‘अ.मर्ज(ब)’ झाल्यावर सगळे नोड ‘अ’मध्ये येतात आणि ‘ब’ रिकामी होते. हे नवख्यांच्या पचनी पडत नाही. ‘माझी दुसरी लिस्ट कुठे गेली?’ म्हणून ते शोधत बसतात. माणसं तीच, ती पहिल्या रांगेत गेली, मग दुसऱ्या रांगेत उरणार कोण? ‘ब’ नंतरही हवी असेल तर आधी तिची प्रत काढून ठेवायची.

दुसरी कबुली म्हणजे बरोबरी झाली की ‘अ’मधला आधी, आणि त्याच लिस्टमधल्या सारख्या घटकांचा आपसातला क्रम जसाच्या तसा. याला ‘स्टेबल’ असणं म्हणतात. वरवर क्षुल्लक वाटतं, पण दलाल स्ट्रीटवरच्या माणसाला विचारा. शेअर बाजारात खरेदीच्या ऑर्डर आधी किमतीप्रमाणे आणि किंमत सारखी असेल तर वेळेप्रमाणे लागतात. किमतीप्रमाणे मर्ज करताना सारख्या किमतीच्या ऑर्डर मागेपुढे झाल्या, तर आधी आलेल्यावर अन्याय झाला.

हे स्टेबल राहणं साधतं कसं, ते बघण्यासारखं आहे. लायब्ररी ‘दोघं सारखे आहेत का’ असं विचारतच नाही. तिचा प्रश्न एकच असतो : दुसऱ्या रांगेतला पहिल्या रांगेतल्यापेक्षा नक्की आधीचा आहे का? हो असेल तर दुसऱ्यातला घ्यायचा, नाहीतर पहिल्यातला. बरोबरी असली की उत्तर ‘नाही’ येतं, आणि पहिल्याचा मान आपोआप राखला जातो. हा प्रश्न कसा विचारायचा ते आपणही ठरवून देऊ शकतो. त्या नियमाला ‘कम्पॅरेटर’ म्हणतात. तो लिहिताना ‘पेक्षा लहान’च्या जागी ‘पेक्षा लहान किंवा समान’ लिहिलं की बरोबरीचं उत्तर ‘हो’ होतं आणि दुसऱ्या रांगेतला पुढे घुसतो. प्रमाणाच्या दृष्टीने तो नियमभंगच आहे. एका चिन्हाचा फरक, पण बरोबरीची उदाहरणं घेऊन चाचणी केली नसेल तर महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसरी कबुली ‘इटरेटर’बद्दल. लिस्टमधल्या एखाद्या घटकाकडे बोट दाखवणाऱ्या खुणेला इटरेटर म्हणतात. नोड हलत नसल्याने मर्जनंतरही जुन्या खुणा त्याच घटकांवर राहतात. फक्त ‘ब’मधल्या घटकाची खूण आता ‘अ’मधली झालेली असते. तिथून पुढे चालत ‘ब’चा शेवट गाठायला निघालात, तर तो कधीच येणार नाही.

इथे एका नामसाधर्म्यापासून सावध राहायला हवं. याच लायब्ररीत ‘मर्ज’ नावाचं एक स्वतंत्र फंक्शनही, म्हणजे नाव घेऊन बोलावता येणारा कोडचा तुकडाही, आहे, जे कोणत्याही दोन क्रमवार याद्यांवर चालतं. ते लिंक बदलत नाही. तिसऱ्या ठिकाणी सगळ्या घटकांच्या प्रती काढून ठेवतं आणि मूळ याद्यांना हात लावत नाही. काम तेच दिसतं, खर्च वेगळा. लिस्ट असेल तर लिस्टची स्वतःची मर्ज वापरावी.

‘दोन्ही जोडून सरळ सॉर्टच केलं तर?’

चालेल की. उत्तर बरोबर येईल. पण दोन्ही रांगा मोठ्या कष्टाने क्रमाने लावल्या होत्या, ती मेहनत पाण्यात. प्रत्येकी १,००० घटकांच्या दोन लिस्ट असतील, तर मर्जला जास्तीत जास्त १,९९९ तुलना लागतात. २,००० घटक नव्याने सॉर्ट करायला साधारण २,००० गुणिले ११, म्हणजे २२,००० च्या आसपास. आकडे लाखांत गेले की तफावत आणखी वाढते.

सी++च्या लिस्टला नेहमीचं सॉर्ट फंक्शन लागूही पडत नाही. त्याला ‘पाचशेवा घटक दे’ म्हटल्यावर झटकन मिळणारी ॲरेसारखी रचना लागते. इथे पाचशेव्यापर्यंत विचारत विचारत जावं लागतं. म्हणून लिस्टला तिचं स्वतःचं सॉर्ट दिलं आहे.

‘रांग आधीच क्रमाने नसेल तर?’

पहिल्या रांगेत कुणीतरी मध्ये घुसलंय असं समजा : ८:०५, ८:४०, ८:२०. दुसरी रांग ८:१०, ८:३०. सिस्टर नेहमीसारख्या फक्त पुढच्या दोघांचे पेपर बघतात. ८:०५ गेला, ८:१० गेला, मग ८:४० आणि ८:३० मध्ये ८:३० गेला. दुसरी रांग संपली, उरलेले तसेच जोडले. शेवटी रांग झाली ८:०५, ८:१०, ८:३०, ८:४०, ८:२०. बिचारा ८:२० चा माणूस सर्वांत शेवटी, आणि कुठेही लाल दिवा लागला नाही.

सी++चं प्रमाण सांगतं की दोन्ही लिस्ट एकाच नियमाने सॉर्ट झालेल्या असणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी. अट मोडली तर काय होईल याची हमी भाषा देत नाही. हा बेफिकीरपणा वाटेल, पण त्यामागे हिशेब आहे. दर वेळी दोन्ही रांगा आधी तपासायच्या म्हटल्या, तर ज्यांनी नीट काम केलंय त्यांनाही तपासणीचा भुर्दंड. ज्याला तपासणी हवी, त्याने ती मागून घ्यावी. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या कम्पायलरसोबत (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमसोबत) येणाऱ्या लायब्ररीत डीबग मोड, म्हणजे चुका पकडण्यासाठीची जादा तपासणी, चालू केला, तर ती मर्जआधी क्रम तपासते आणि बिघडला असेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबवते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला हा मोड पहिल्या दिवसापासून शिकवायला हवा, असं माझं मत आहे.

‘एकाच नियमाने’ यातही मेख आहे. एक लिस्ट चढत्या क्रमाने आणि दुसरी उतरत्या, तर दोन्ही सॉर्टेड असूनही मर्ज फसते. उतरत्या लिस्ट मर्ज करायच्या तर मर्जलाही उतरता नियम सांगावा लागतो. हल्ली एआयला विचारलं की मर्जची ओळ क्षणात मिळते, ती बहुधा बरोबरही असते. पण तुमची दुसरी लिस्ट तीन फंक्शनं आधी कुणी उलटी लावून ठेवली आहे का, हे त्या ओळीत दिसत नाही.

‘मग मुलाखतीत हाताने का लिहायला लावतात?’

कारण लिंक बदलताना माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का, ते कळतं. सर्वांत नेहमीची चूक बघा. सिस्टरनी काकांना सांगितलं, ‘तुमच्यानंतर आता ह्या ताई.’ पण आधी त्यांच्यानंतर कोण होतं, हे विचारून ठेवलंच नाही. काकांना आता फक्त ताई आठवतात. जुन्या रांगेतले पुढचे सगळे हॉलमध्येच बसलेत, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायची वाटच उरली नाही. म्हणून जुनी लिंक आधी जपायची आणि मगच नवी लावायची. हा क्रम चुकला की लिस्टचं शेपूट गायब.

बरेच जण रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याच्या पद्धतीने, चार ओळींत उत्तर लिहितात. फळ्यावर देखणं दिसतं. पण प्रत्येक घटकामागे एक बोलावणं साचत जातं. लाखो नोड असतील, तर त्यासाठीची राखीव मेमरी संपून प्रोग्रॅम कोसळू शकतो. साधा लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं, तितका देखणा नाही, पण तो कोसळत नाही. मुलाखतीत दोन्ही सांगावं, हाताशी लूप ठेवावा.

‘पण लिंक्ड लिस्ट आता वापरतं कोण?’

ही शंका रास्त आहे. खुद्द सी++चे जनक ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांचा सल्ला आहे की वेगळं कारण नसेल तर ‘व्हेक्टर’, म्हणजे वाढू शकणारा ॲरे, वापरावा. कारण पुन्हा ओपीडीतच आहे. एका बाकावरच्या माणसांचे पेपर सिस्टर एका फेरीत बघतात. विखुरलेल्यांसाठी हॉलभर फिरावं लागतं. प्रोसेसरही मेमरीतून एका वेळी शेजारशेजारचे साधारण ६४ बाइट उचलतो. चार बाइटचे आकडे खेटून बसले असतील तर एका खेपेत सोळा येतात. लिस्टमध्ये त्याच चार बाइटसाठी ६४-बिट मशीनवर साधारण २४ बाइटचा नोड लागतो, आणि पुढचा नोड कुठे असेल याचा नेम नाही.

म्हणून छोट्या आकड्यांच्या याद्यांसाठी लिस्ट घेऊ नये. पण जिथे नोड मोठे आहेत, ते हलवणं महाग आहे किंवा त्यांच्याकडे इतर कुठून बोट दाखवलेलं आहे, तिथे ती टिकून आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, लिंक्ड लिस्ट जागोजागी आहेत, आणि त्या सॉर्ट करायला तिथे मर्ज सॉर्टच आहे.

‘जावा, पायथनमध्ये हेच आहे का?’

नावावर जाऊ नका. पायथनची ‘लिस्ट’ मुळात लिंक्ड नाही, ती ॲरे आहे. तिथे ‘हीपक्यू’ मोड्यूलमधली मर्ज मिळते. ती कितीही क्रमवार याद्या घेते आणि एकेक घटक मागाल तसा देते, सगळं मेमरीत ओतत नाही. मोठ्या लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमने वेळेनुसार लिहून ठेवलेल्या नोंदी, एकत्र करायला झकास. जावात ‘लिंक्डलिस्ट’ खरोखर लिंक्ड आहे, पण तिला सी++सारखी मर्ज नाही. सॉर्ट करायचं म्हटलं तरी जावा आधी घटक ॲरेत उतरवते, तिथे सॉर्ट करते आणि परत लिस्टमध्ये भरते.

त्या सॉर्टमागे टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी लिहिलेला ‘टिमसॉर्ट’ आहे. यादीत आधीच क्रमाने असलेले तुकडे शोधायचे आणि ते मर्ज करायचे, हे त्याचं मर्म. पुढे तो जावातही आला. आणि लायब्ररीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा का, याचं उत्तरही त्याच्याच कहाणीत आहे. २०१५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी त्याची गणिती तपासणी करताना जावातल्या टिमसॉर्टमध्ये चूक शोधून काढली. विशिष्ट रचनेची प्रचंड यादी दिली तर प्रोग्रॅम कोसळत होता. जगभर वापरात असलेल्या कोडमध्ये ती वर्षानुवर्षं लपून होती. तरी मी लायब्ररीच वापरेन. तिथली चूक कुणीतरी शोधतं आणि ती सगळ्यांसाठी दुरुस्त होते. माझ्या कोडमधली शोधायला माझ्याशिवाय कुणी येत नाही.

दोनाऐवजी सोळा रांगा असतील तर?

मुलाखतीतला पुढचा प्रश्न बहुधा हाच. प्रत्येकी १,००० घटकांच्या सोळा लिस्ट. पहिलीत दुसरी मिसळली, त्यात तिसरी, त्यात चौथी, असं केलं तर सुरुवातीचे घटक पंधरा वेळा ताडले जाऊ शकतात. तुलना १,३५,००० पर्यंत जातात. त्यापेक्षा जोड्या लावा : सोळाच्या आठ, आठाच्या चार, चाराच्या दोन, दोनाची एक. चारच फेऱ्या, प्रत्येक फेरीत १६,००० च्या आत तुलना. एकूण ६४,००० च्याही खाली.

जीएनयूच्या लायब्ररीतलं लिस्टचं सॉर्ट याच हिशेबाने चालतं. त्यात ६४ तात्पुरत्या लिस्टची जागा राखून ठेवलेली असते : पहिलीत एक घटक, दुसरीत दोन, तिसरीत चार, अशी दुपटीने वाढत जाणारी. नवा घटक आला की पहिलीत जातो. ती भरलेली असेल तर दोघं मर्ज होऊन दुसरीकडे सरकतात, तीही भरलेली असेल तर चौघं होऊन तिसरीकडे. सगळे घटक संपले की उरलेल्या लिस्ट ओळीने मर्ज करून टाकायच्या. ६४ वेळा दुप्पट झालेली संख्या कुठल्याही मशीनच्या मेमरीत मावण्याच्या पलीकडची आहे, त्यामुळे पासष्टावी जागा कुणी ठेवलेली नाही.